सदतीस नंबर

"सदतीस, तू इथंच बसायचंस. बाहेर यायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही," कुंभोजकर मॅडम म्हणाल्या आणि मला फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ढकलून त्यांनी दार ओढून घेतलं.

शेजारच्या वर्गात शिक्षण खात्याचे तीन साहेब येऊन बसले होते. ते प्रश्न विचारणार, मॅडम तो मला मोबाईलवर पाठवणार, मी भिंतीपलीकडून उत्तर लिहिणार आणि ते त्यांच्यासमोरच्या पडद्यावर उमटणार, असा बेत होता. वर्गात तोंडातून शब्द न काढणारा लाजाळू मुलगा पडद्याआड गेला की कसा फुलतो, हे मॅडमना त्या साहेबांना दाखवायचं होतं. लाजाळू मुलगा म्हणजे मी. बारावी सायन्स, हजेरी नंबर सदतीस.

फिजिक्समधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. 'तुमच्या खात्यात दुसऱ्या फोनवरून कुणीतरी आलं आहे. हे तुम्हीच आहात का?' खाली दोन चौकोन होते. 'होय, मीच आहे' आणि 'नाही, मी नाही'. मी होय दाबलं आणि स्टुलावर टेकलो. तिकडे नऊ किलोमीटरवर, आमच्या वाडीत, शेजारच्या छबूकाकीच्या गोठ्यामागं तिचाच फोन मागून घेऊन माझी बहीण बसली होती.

आता हे मुळापासून सांगायला हवं.

आमची पीठगिरणी होती. पुढच्या खोलीत जातं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. आप्पा, आई, मी आणि सुवर्णा. सुवर्णा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणतो. अकरावी सायन्सला ती कॉलेजात पहिली आली होती. त्याच उन्हाळ्यात कॉलेजच्या एसटीनं जाणारी वाडीतली एक मुलगी एका पोराबरोबर निघून गेली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी अक्काची पुस्तकं पोत्यात भरली आणि माळ्यावर टाकली. "माझ्या घरात हे व्हायचं न्हाई," एवढंच बोलले. एकीनं केलं, दुसरीनं भरलं.

मी बारावीला गेलो ते साल टाळेबंदीचं. कॉलेज मोबाईलवर आलं, प्रत्येकाच्या नावानं आणि नंबरानं एक खातं उघडलं गेलं. घरात मोठा फोन एकच, तो आप्पांनी माझ्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला. सकाळी आठपासून अकरापर्यंत तास चालायचे. पहिले चार दिवस मी बसलो. पाचव्या दिवशी ओढ्याकाठी क्रिकेटचा डाव मांडलेला होता.

"नुसती हजेरी लाव गं," मी अक्काला म्हटलं. "नंबर पुकारला की 'हजर' असं लिही. बास."

अकराला मागच्या दारानं परत आलो तर तिनं सोळा पानं लिहून काढली होती.

"उद्याबी मीच बसू?" तिनं विचारलं. ती पीठ चाळत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

"बस की," मी म्हणालो. मला काय, आयत्या पिठावर रेघोट्याच ओढायच्या होत्या.

तेव्हापासून अक्का पाचला उठायची. भाकऱ्या थापून, पाणी भरून, आंघोळ करून आठाच्या आत मागच्या खोलीत जायची. अंगात कॉलेजचा निळा पंजाबी ड्रेस, दोन घट्ट वेण्या. पत्र्याच्या डब्यावर ताठ बसायची. कॅमेरा बंदच असायचा.

"तुला बघतंय कोण एवढं नटून?" मी हसलो होतो एकदा.

"मी बघतीया न्हवं," ती म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, "सदतीस, माईक चालू कर." अक्कानं लिहिलं, 'मॅडम, घरात गिरणी आहे, फार आवाज होतो.' ते खरंच होतं. तेव्हापासून सदतीस नंबर लिहूनच बोलायचा, आणि तो असं काही लिहायचा की मॅडम सगळ्या वर्गाला वाचून दाखवायच्या. घर्षण म्हणजे काय, तर गिरणीचा पट्टा सैल झाला की मोटार नुसती गरगरते आणि जातं ढिम्म हलत नाही, तेव्हा जे कमी पडतं ते. अशी उत्तरं पुस्तकात नव्हती. घटक चाचण्याही फोनवरच व्हायच्या, त्याही तीच लिहायची. आप्पांना वाटायचं, पोरगा आत अभ्यास करतोय. आईला सगळं ठाऊक होतं, पण आमच्या घरात आईला कुणी कधी कशाची साक्ष विचारली नाही.

डिसेंबरात कॉलेज अर्धं उघडलं. विषम नंबरांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार वर्गात यायचं आणि उरलेले दिवस घरून तास बघायचे. सम नंबरांचं उलट. सदतीस विषम. मला जावं लागलं.

"बोल ना रणजित," मॅडम म्हणाल्या. "काल इतकं सुंदर लिहिलंस, तेच सांग सगळ्यांना."

मी बुटाच्या टोकाकडं बघत उभा राहिलो. मंगळवारी सदतीस नंबर बृहस्पती, बुधवारी दगड, गुरुवारी पुन्हा बृहस्पती. मॅडमना शंका यायला हवी होती. शेंबड्या पोरालाही आली असती. पण मॅडमनी नुकतंच एक ऑनलाइन प्रशिक्षण पुरं केलं होतं. काही मुलं वर्गात मिटतात आणि घरच्या कोपऱ्यात उमलतात, असं त्यात सांगितलेलं होतं, आणि त्यांना जिवंत पुरावा हवा होता. तो मी झालो. त्यांनी माझ्यावर निबंध लिहिला, खात्याकडं पाठवला, आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी साहेब लोक पुरावा बघायला येणार असं ठरलं.

आदल्या दिवशी मी अक्काला हे सांगितलं तेव्हा माझी पुरती तंतरली होती. ती मात्र शांत होती.

"फोन तू नेणार. मग मी छबूकाकीचा मागते. भाजी कशी करायची बघते म्हणून सांगते." मग जरा थांबून म्हणाली, "पण एक करशील? साहेब गेलं की मॅडमना माझं सांग. पुढल्या साली मी बारावीला बसते म्हणावं. आता तीनच दिवस जायाचं असतंय, बाकीचं घरनंच. मॅडम सोता बोलल्या तर आप्पा एवढ्याला न्हाई म्हणायचं न्हाईत."

"सांगतो."

"शपथ?"

"गळ्याची."

तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "गाढवा, माझ्या गळ्याची घे. तुझ्या गळ्याचं काय खरं न्हाई."

मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तर त्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेत बसलो होतो. भिंतीपलीकडून साहेबांचा जाड आवाज आला, "ट्रान्सफॉर्मरला बॅटरी जोडली तर तो का चालत नाही, विचारा."

दोन मिनिटं मी फोनवर अक्का लिहीत असल्याची टिंबं हलताना बघत होतो. मग मॅडमचा वाचण्याचा आवाज आला. "सर, अलीकडच्या वेटोळ्यात बदल झाला तरच पलीकडच्या वेटोळ्याला काही मिळतं. बॅटरीचा प्रवाह एकसारखा वाहत राहतो. तो कितीही वाहिला तरी पलीकडं काहीच पोचत नाही."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या प्रश्नालाही पडल्या. माझी भीती गेली. फोन टेबलावर ठेवून मी कपाटाजवळ गेलो, एक लोलक उचलला आणि खिडकीतल्या उन्हात धरून भिंतीवर रंग पाडत बसलो. तेवढ्यात दार उघडलं.

"चल, चल, साहेबांना तुला बघायचंय," मॅडम आनंदानं म्हणाल्या. त्यांच्या तोंडातलं वाक्य संपतंय तोच पलीकडून साहेब ओरडले, "आलं! तिसऱ्याचंही उत्तर आलं!"

मॅडमनी माझ्या हातातल्या लोलकाकडं बघितलं. मग टेबलावरच्या फोनकडं. फोन माझ्यापासून चार हात लांब होता.

"कोण लिहितंय?" त्यांनी हळू विचारलं.

"अक्का. माझी बहीण."

"पहिल्यापासून?"

मी मान हलवली.

"काय शिकलीय?"

"अकरावी. पुढं आप्पांनी सोडवली."

मॅडम दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कानफटात बसणार. त्यांनी साडीच्या पदरानं कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "बाहेर ये. मान वर ठेव."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. "बोलत नाही का हा?" एकानं विचारलं. "नाही सर, तेच तर," मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले. फोटो काढला.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. "आज घरी सगळं खरं सांग. मी परवा रविवारी येते, वडिलांशी बोलते. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं मी बघते. अशी मुलगी घरी बसवून ठेवायची म्हणजे पाप आहे." दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या. "आणि आजचं हे... कॉलेजात कुठं बोलू नकोस."

मी उड्या मारत घरी निघालो. देवाशप्पथ सांगतो, तेव्हा अक्काला कधी एकदा सांगतो असं मला झालं होतं.

घरी आलो तर गिरणी बंद होती. भर दुपारी आमची गिरणी बंद म्हणजे कुणीतरी गेलेलंच असायचं. मागच्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसली होती. अंगात निळा ड्रेस, एक वेणी सुटलेली, गाल सुजलेला. आप्पांच्या हातात गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा होता.

छबूकाकीचा नवरा दळण घेऊन आला होता आणि सहज बोलून गेला होता, की तुमची पोरगी सकाळधरनं आमच्या गोठ्यामागं फोन घिऊन बसलीया, नटूनथटून.

"कुणाशी बोलत हुतीस?" आप्पा विचारत होते. बहुतेक पन्नासाव्यांदा.

"अभ्यास करत हुते."

"शाळा सोडून तीन वर्सं व्हायला आली. कसला अभ्यास?" पट्टा एकदा भिंतीवर आपटला आणि आप्पांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "रणजित, तू घरात असतूस. तुला काय ठाऊक हाय? तूच सांग."

अक्कानं वर बघितलं. माझ्याकडं बघून तिचा चेहरा चक्क सैल झाला. आपलं माणूस आलं, आता सुटलो, असं लहान पोराला वाटतं तसं तिला वाटलेलं मला स्पष्ट दिसलं. माझ्या गळ्याची नव्हे, तिच्या गळ्याची शपथ होती.

"आज साहेबांनी तुझा फोटू काढला म्हणं," आप्पा मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "सरपंचांचा फोन आलता. म्हणाले, गिरणीवाल्याच्या पोरानं वाडीचं नाव काढलं. आणि ही बघ. हिनं काय काढलं."

आप्पांनी माझ्याकडं तसं कधीच बघितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणीतरी वाटत होतो.

"मला काय म्हाईत," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चोराचं एका खोटेपणावर भागत नाही. "माझा फोनबी मागून घेत असती अधनंमधनं," मी म्हणालो. "दार लावून बसती."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आईनं चुलीत लाकूड सारलं. अक्का माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं खाली बघितलं. त्यानंतर पट्टा बसला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही.

रविवारी मॅडम आल्या. आप्पांनी खुर्ची पुसून दिली, आणि त्या बसायच्या आधीच पेपरातलं कात्रण त्यांच्यापुढं धरलं. 'पडद्याआड उमलली प्रतिभा.' फोटोत मी, साहेब आणि मध्ये मॅडम. बातमीत त्यांचं नाव दोनदा आलं होतं.

"तुमच्यामुळं झालं हे, मॅडम. न्हाईतर आमच्या घराण्यात कोण शिकलंय!"

"तुमची मुलगी..." मॅडम म्हणाल्या.

"हाय की. चा आण गं!"

अक्का चहा घेऊन आली. डोक्यावरून पदर घेतला होता तरी गाल दिसत होता. मॅडमनी कप घेतला आणि त्या तिच्याकडं बघत राहिल्या. गेले कित्येक महिने त्या एकमेकींशी बोलत होत्या आणि एकमेकींना आज पहिल्यांदा बघत होत्या. अक्का हलली नाही. ताट धरून तिथंच उभी राहिली.

"तिचं शिक्षण..." मॅडमनी पुन्हा सुरुवात केली.

"तिचं ठरीवलंय," आप्पा म्हणाले. "मिरजंकडचं हाईत. पोराचा टेंपो हाय. हिचं आता शिक्षणाशी काय काम?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं नाही हे त्यांना कळलं. त्यांच्या पिशवीतून कॉलेजच्या माहितीपत्रकाचं टोक बाहेर आलं होतं. आप्पांनी कात्रण त्यांच्या मांडीवर ठेवलेलं होतं. त्या बराच वेळ त्या कात्रणाकडं बघत होत्या. मग त्यांनी चहा संपवला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा हुशार आहे तुमचा. जपा त्याला."

अक्कानं पुढं होऊन रिकामा कप उचलला.

लग्न तीन आठवड्यांत झालं. पन्नास माणसांचीच परवानगी होती, ते आप्पांच्या पथ्यावर पडलं. निघताना अक्का सगळ्यांच्या पाया पडली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. टेंपोत चढण्याआधी मला बाजूला घेऊन तिनं एवढंच विचारलं, "ट्रान्सफॉर्मरचं बराबर आलतं का रं? कुणी सांगितलंच न्हाई मला."

"बरोबर होतं," मी म्हणालो. "टाळ्या वाजवल्या साहेबांनी."

"खरं?"

"खरं."

तिनं मान हलवली आणि ती चढली. मला रडू आलं, पण बहिणीच्या लग्नात भावाला रडू येतंच, त्यामुळं ते कुणाला वेगळं वाटलं नाही.

त्या वर्षी पुढं बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावीचे, अकरावीचे आणि बारावीतल्या घटक चाचण्यांचे गुण धरून निकाल लागला. चाचण्या अक्काच्या होत्या. मला पेपर लिहायला कुणी बसवलंच नाही. त्या निकालावर मला चांगलं कॉलेज मिळालं, ते मी रडतखडत पुरं केलं, आणि आज मी पुण्यात घरबसल्या शिक्षणाचे धडे विकणाऱ्या एका कंपनीत आहे. मुलाखतीत मी ते कात्रण दाखवलं होतं. लाजाळू मुलांवर मी बरं बोलतो, असं आमचे साहेब म्हणतात. आप्पांनी कात्रण फ्रेम करून गिरणीत लावलंय. अक्काला दोन मुली आहेत. ती दिवाळीला येते, ओवाळते, आणि फ्रेमवरचं पीठ पदरानं पुसून जाते.

पण तो पट्टा, तो चहा, यातलं मला काही छळत नाही. छळते ती त्या एप्रिलमधली एक सकाळ.

तिच्या लग्नाला महिना झाला होता. कॉलेज पुन्हा पुरतं बंद झालं होतं आणि सगळे घरून बसत होते. सदतीस नंबरच्या जागी आता मीच बसायचो. हजर म्हणायचो आणि गप्प राहायचो. मॅडम मला काही विचारत नसत.

त्या दिवशी त्यांनी वर्गाला एक प्रश्न घातला. कुणालाच येईना. तेवढ्यात पडद्यावर उमटलं, 'मॅडम, मी सांगू?'

नाव माझंच होतं. नंबर सदतीस. यादीत खाली-वर दोन सदतीस दिसत होते.

मिरजेकडं कुठंतरी, नवऱ्याचा टेंपो भाड्यावर जायच्या आधी त्याचा फोन घटकाभर मागून घेऊन अक्का वर्गात आली होती. खात्याचा परवलीचा शब्द तिनंच ठेवलेला होता. निळा ड्रेस घातला होता का, वेण्या घातल्या होत्या का, मला ठाऊक नाही.

मॅडमचा आवाज आला आणि तो नेहमीचा नव्हता. "सांग, सदतीस. लिही. आम्ही थांबतो."

खाली पोरांची गंमत सुरू झाली. 'दोन सदतीस?' 'खरा कुठला?' 'रणज्या, भूत लागलं का तुला?' हसणारी तोंडं एकाखाली एक येत राहिली. माझे कान तापले.

माझ्या हातातला फोन थरथरला. अक्कानं कधीकाळी त्याची भाषा मराठी करून ठेवली होती. 'तुमच्या खात्यात दुसऱ्या फोनवरून कुणीतरी आलं आहे. हे तुम्हीच आहात का?'

खाली तेच दोन चौकोन होते. फेब्रुवारीत मी विचार न करता होय दाबलं होतं. तेव्हा गरज मला होती. आता नुसतं काही न करता बसलो असतो तरी तिचा तेवढा तास झाला असता. वर ती लिहायला लागल्याचं दिसत होतं. 'कारण' एवढा एक शब्द आला होता आणि पुढं टिंबं हलत होती.

मी 'नाही, मी नाही' वर बोट ठेवलं.

टिंबं थांबली. यादीत एकच सदतीस उरला. मॅडम कितीतरी वेळ "सदतीस? सदतीस, आहेस का?" असं विचारत होत्या, आणि माझ्या फोनवर हिरव्या अक्षरांत आलं होतं, 'धन्यवाद. तुमचं खातं आता सुरक्षित आहे.'